दुसरं नाव

ईडन प्रेरी
९ मार्च

प्रीता,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग तो कागद टाकला आणि दुसरा घेतला. गेल्या आठ वर्षांत आपण एकमेकींशी जे काही बोललो ते मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. "कशी आहेस?" "छान, तू?" एवढ्यावर 'प्रिय' कसं लिहू?

ईमेल करत नाही, कारण सिनेटर बाईंच्या ईमेल आधी त्यांचा स्टाफ वाचतो. हातानं लिहिलेलं मराठी तिथं कुणाला वाचता येणार नाही.

आज ऑफिसात तुझं नाव माझ्यासमोर आलं. खरं तर हे तुला सांगायची मला परवानगी नाही. सकाळी केटीनं, म्हणजे माझ्या बॉसनं, मला केबिनमध्ये बोलावलं. डेल ओस्टरबर्ग गव्हर्नरसाठी उभा आहे, त्याला लेफ्टनंट गव्हर्नरसाठी रनिंग मेट निवडायचाय. तीन नावं आहेत. कोणत्या नावामुळे किती मतं वाढतात आणि किती जातात, ते आम्ही मोजून द्यायचं. पहिलं नाव दक्षिणेकडच्या एका शेरीफचं, दुसरं एका रिटायर्ड सर्जनचं. तिसऱ्या नावावर केटीनं पेन्सिल टेकवली.

"हे कसं म्हणायचं? तुला माहीत असेल."

"प्रीता साठये," मी म्हटलं.

"ओळखतेस?"

"आमच्या कम्युनिटीत तिला सगळेच ओळखतात."

यात खोटं काही नाही. पण खरं उत्तर वेगळं होतं. आम्ही दोघी एका विमानानं आलो, युनिव्हर्सिटीजवळच्या एका बेसमेंटमध्ये तीन वर्षं एकत्र राहिलो, तिच्या बाळंतपणात तिला डिंकाचे लाडू मी करून घातले, आणि आता आम्ही बोलत नाही. हे सांगितलं असतं तर केटीनं ते काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं. आमच्या धंद्याचा तो साधा नियम आहे. मी गप्प बसले आणि फाइल घेऊन माझ्या जागेवर आले.

सव्वीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले. लोक वरच्या नावाला मत देतात. दुसरं नाव कोणाचं आहे यानं फार तर एक-दोन टक्के इकडचे तिकडे होतात, तेही झाले तर. त्यामुळे हुरळून जाऊ नकोस.

आणि एक. स्कूल बोर्डाची ती जागा माझी होती. घराघरांच्या याद्या मी केल्या होत्या, कोणत्या गल्लीत कोण काय म्हणालं ते माझ्या वहीत होतं. बाबांच्या आजारपणात मी अमरावतीला गेले, आणि दोन महिन्यांनी परत आले तर पाट्यांवर तुझं नाव. पुढं सगळं तुझंच होत गेलं, आधी बोर्ड, मग राज्याचं सिनेट, आणि आता हे.

तुझं अभिनंदन करायला बसले होते. ते राहूनच गेलं. हे पत्र पाठवत नाही.

सुमी


२ एप्रिल

प्रीता,

सर्व्हेचे निकाल आले. ते आधी कुणाला सांगावेसे वाटले तर तुलाच, म्हणून पुन्हा कागद घेतला. हेही पाठवणार नाही.

चोवीसशे माणसांना फोन केले. त्यांचे चार गट. एका गटाला नुसता डेल सांगितला, बाकी तिघांना डेल आणि एकेक जोडीदार. शेरीफमुळे काही हललं नाही. सर्जनमुळे अर्धा टक्का वाढला, म्हणजे काहीच नाही. तुझ्यामुळे तीन टक्के वाढले. आपल्याकडच्या उपनगरांतल्या बायकांमध्ये सात. सात! मी तो आकडा तीनदा काढला. चूक सापडावी म्हणून काढला, उगाच खोटं कशाला बोलू. चूक नव्हती. उत्तरेकडे, डेलच्या स्वतःच्या खाणींच्या भागात, तुझ्यामुळे एक टक्का गेला. आमच्या हिशेबात एक टक्का म्हणजे वाऱ्याची झुळूक, आली काय अन् गेली काय.

मग रेकॉर्डिंग्ज ऐकली. शेवटी आम्ही विचारतो, "या व्यक्तीबद्दल तुमच्या मनात काय येतं?" तुझ्याबद्दल बहुतेक चांगलंच. तेवीस लोक तुझ्या उच्चारांवर बोलले. त्यांत उत्तरेकडची एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई होती, आवाज खरखरीत. ती म्हणाली, "तिचं बोलणं मला अर्धं कळत नाही. पण विहिरीचं पाणी तपासा म्हणून मी सगळ्या नेत्यांना फोन केले, तर उलट फोन करणारी ती एकटीच."

उमेदवाराला द्यायचा मेमो दोन पानांचा असतो. फार मजकूर मावत नाही. पहिल्या पानावर तुझे तीन टक्के लिहिले, साध्या अक्षरात. दुसऱ्या पानावर 'धोका' असा मथळा देऊन उत्तरेतला तो एक टक्का लिहिला आणि त्याखाली, ठळक अक्षरात, अवतरण चिन्हांत: "तिचं बोलणं मला अर्धं कळत नाही."

वाक्य तिथंच संपवलं.

एकही आकडा बदललेला नाही. कुणीही येऊन तपासावं.

तुला आठवतं, पहिल्या सेमिस्टरला मी वर्गात प्रश्न विचारला आणि प्रोफेसरनी तीन वेळा "पार्डन?" केलं? त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही. कॉम्प्युटरच्या मागं बसून करता येईल असंच काम शोधलं. तुझाही उच्चार माझ्यासारखाच. तुझाही 'व' तोच, व्ही असो की डब्ल्यू, सगळीकडे एकच. तू मात्र माइक हातात घेऊन बोलत सुटलीस. तुला कधी कुणी "पार्डन" म्हटलंच नाही का? की म्हटलं आणि तू ऐकलं नाहीस?

सुमी


१७ मे

प्रीता,

त्यानं तुलाच घेतलं.

काल तळ्याकाठच्या पार्कात मी आले होते हे तुला माहीत आहे. यायचं नव्हतं. संजय म्हणाला, "अगं, अख्खं मंडळ चाललंय, आपण घरी बसलो तर लोक विचारतील." गुरुनाथ काका सकाळी नऊलाच खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, वय ऐंशी, हातात नातवाचा आयपॅड. म्हणाले, "सुमित्रा, आपल्यातली मुलगी गव्हर्नरच्या शेजारी बसणार गं!" मी म्हटलं, "काका, आधी निवडून यायला हवी."

डेल बोलायला उभा राहिला. इतका अवघडलेला उमेदवार मी बघितला नाही, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. म्हणाला, "माझ्या सर्व्हेवाल्यांनी मला कळवलं की प्रीताचं बोलणं उत्तरेत कळणार नाही. मी उत्तरेतलाच आहे. माझी बायको म्हणते, माझंही कुणाला कळत नाही." लोक हसले. संजय माझ्या खांद्यावर थाप मारून हसला. मी बुटाचे बंद बांधायला खाली वाकले.

मग तू आलीस. निळा ब्लेझर, केस कापलेले. छान दिसत होतीस, लिहायलाच हवं म्हणून लिहिते. तू म्हणालीस, "माझ्या एका मैत्रिणीनं मला शिकवलं, दार उघडल्यावर आधी आपण बोलायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं."

संजय कुजबुजला, "तुझंच बोलतेय ती."

"नाव घेतलं का?"

"नाही."

"मग कशावरून?"

एका मैत्रिणीनं! नाव घ्यायला किती सेकंद लागले असते? शेरीफचे आभार मानलेस, शाळेच्या बसड्रायव्हरचे मानलेस, नावानिशी. त्या क्षणी मला वाटलं, बरं झालं ते वाक्य मी अर्धं कापलं. वाईट एवढंच वाटलं की ते पुरलं नाही.

नंतर गर्दीतून तू सरळ माझ्याकडे आलीस आणि माझा हात धरलास. "सुमे, आलीस!" एवढंच. तुझा चेहरा असा उजळला होता की मला मागं वळून पाहावंसं वाटलं, माझ्यामागं कोण उभं आहे म्हणून. मग फोटोग्राफरनं तुला ओढून नेलं.

मी घरी येऊन भांडी घासली. डिशवॉशर असून.

सुमी


३० ऑगस्ट

प्रीता,

दर मंगळवारी नवे आकडे येतात. पडद्यावर तुमच्या जोडीची एक रेघ आहे, निळी. मे महिन्यापासून ती चढतेय. आता चार टक्के पुढं आहात. माझं सगळं शिकलेलं खोटं पाडून लोक दुसऱ्या नावाकडे बघतायत. उपनगरातली एक बाई रेकॉर्डिंगमध्ये म्हणाली, "वरच्या माणसाबद्दल मला काही विशेष वाटत नाही, मी तिच्यासाठी जाणार." केटी म्हणाली, "असं मी पहिल्यांदा ऐकतेय." मी म्हटलं, "एक बाई म्हणजे डेटा नव्हे."

रेघ वर गेली की मला दुपारचा डबा जात नाही. बुधवारी बरं वाटतं. सोमवारी पुन्हा मंगळवारची धास्ती. संजयनं आमच्या लॉनवर तुमची पाटी लावलीय. ओस्टरबर्ग, त्याखाली साठये, सारख्याच अक्षरांत. तो आनंदानं लावतो आणि मी काही म्हणू शकत नाही. काय म्हणणार?

मार्चच्या पत्रात मी स्कूल बोर्डाबद्दल लिहिलं ते पूर्ण नव्हतं. अमरावतीहून तुला फोन केला होता तो मीच. बाबांना आयसीयूत हलवलं होतं, फॉर्म भरायला चार दिवस उरले होते, आणि मी म्हटलं, "मग तूच उभी राहा." तू म्हणालीस, "नक्की?" मी म्हटलं, "हो गं, त्यात काय." तू नाही म्हणशील असं मला वाटलं होतं. म्हणशील, छे, ते तुझं आहे, पुढच्या वेळी बघू. तू नाही म्हणाली नाहीस. एवढंच झालं होतं. हे मी संजयलासुद्धा सांगितलेलं नाही. त्याला वाटतं तू मला न विचारता फॉर्म भरलास. तसंच मी सांगितलं होतं.

सुमी


२४ सप्टेंबर

प्रीता,

विरोधकांची ती जाहिरात मी पहिल्यांदा जिममध्ये पाहिली, ट्रेडमिलवर. आवाज बंद होता, नुसती अक्षरं. काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांत: "तिचं बोलणं मला अर्धं कळत नाही." खाली बारीक अक्षरांत, "त्यांच्याच सर्व्हेतून." मग तुझं तोंड, कुठल्यातरी भाषणातलं, मध्येच तोडून पुन्हा पुन्हा जोडलेलं.

मेमो कुणी बाहेर दिला मला माहीत नाही. तुमच्या प्रचारातल्याच कुणीतरी एका पेपरला दिला, असं केटी म्हणते. मी दिला नाही. हे मी शपथेवर सांगू शकते, आणि याचा काही उपयोग नाही हेही मला कळतं.

गेल्या मंगळवारी रेघ तीन टक्के खाली आली. ज्या दिवसाची सहा महिने वाट पाहिली तो आला, आणि मला डबा तेव्हाही गेला नाही.

आज दुपारी तुझी अनिका आमच्याकडे आली. तुला सांगून आली होती की नाही, ठाऊक नाही. तुमच्या प्रचाराचा टी-शर्ट, डोळे सुजलेले. किती वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. मी फ्रीजमधून लाडूंचा डबा काढला, तिनं त्याकडे पाहिलंही नाही. बॅगेतून कागद काढून टेबलावर ठेवले. पेपरानं छापलेला मेमो, कंपनीचं नाव खोडलेलं.

"सुमी मावशी, यू डू धिस फॉर अ लिव्हिंग, राइट? मला सांग, हे रिअल आहे का?"

मी चष्मा लावून वाचायचं नाटक केलं. माझीच वाक्यं.

"आकडे बरोबर दिसतात," मी म्हटलं.

"आणि हे कोट?"

"कुणीतरी म्हटलं असेल."

"हू वुड पुट दॅट इन? म्हणजे, एवढ्या लोकांमधून नेमकं हेच?" तिला उत्तर नको होतं. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. "आई गॅरेजमध्ये गाडीत बसून प्रॅक्टिस करते. काचा वर करून. फोनवर रेकॉर्ड करते, ऐकते, पुन्हा म्हणते. 'वी विल टेस्ट एव्हरी वेल.' ओव्हर अँड ओव्हर. शी हॅज अ पीएचडी, मावशी!"

मी तिला पाणी दिलं.

"काल तिनं मला विचारलं, लहानपणी तुला माझी लाज वाटायची का गं? आय सेड नो." तिनं ग्लास खाली ठेवला. "आय लाइड. थर्ड ग्रेडमध्ये वाटायची. माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळलंय, आणि मी ते परत घेऊ शकत नाही."

प्रीता, हे लिहिताना माझी मान खाली आहे, पण लिहिते. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? पश्चात्ताप नाही. हेवा. की तुझी मुलगी तुझ्यासाठी लोकांची दारं वाजवत हिंडते. माझा अमेय सनीव्हेलला आहे, रविवारी फोन करतो आणि बोलता बोलता त्याचा कीबोर्ड ऐकू येतो. माझ्यासाठी कोण कुणाच्या दारात जाईल? हा विचार आधी आला. तुझी गाडी, वर केलेल्या काचा, हे सगळं त्यानंतर आलं. पण मग ते गेलं नाही.

जाताना तिनं मला मिठी मारली. "थँक यू, मावशी. ॲट लीस्ट तू बघितलंस."

सुमी


३ ऑक्टोबर

प्रीता,

हे पत्र पाठवतेय. आधीची पाचही सोबत आहेत. क्रमानं वाच. मधलं एखादं काढून टाकावं असं फार वाटलं, विशेषतः मेमधलं. काढलं नाही. एकदा कापून झालंय, तेवढं पुरे.

काल केटीच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावलं. ते रेकॉर्डिंग सोबत नेलं होतं. तिला म्हटलं, "हे पूर्ण ऐक." तिनं ऐकलं. मग मेमो उघडला, दुसरं पान. मग पुन्हा ऐकलं.

"पुढचा भाग का नाही टाकला?"

"टाकायचा नव्हता."

"तू ओळखतेस प्रीताला?"

"सव्वीस वर्षं."

"मी तुला मार्चमध्ये विचारलं होतं."

"हो."

"मग?"

मी म्हटलं, "आय वॉज जेलस." इंग्रजीत ते पटकन म्हणता आलं, जसं कुणी सर्दी झालीय म्हणतं. मराठीत आत्ता पहिल्यांदा लिहितेय. मला तुझा हेवा वाटतो. वाटत होता असं नाही. वाटतो.

केटी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची खिडकीकडे फिरवली. मग म्हणाली, "एकोणीस वर्षं मी तुझे मेमो न वाचता पुढं पाठवत आले." माझ्या गळ्यातलं कार्ड मीच काढून टेबलावर ठेवलं. एका खोक्यात माझा कप, शाल आणि मनीप्लांट घेऊन बाहेर पडले. पार्किंगमध्ये पानं गळायला लागलीयत.

संजयला सगळं सांगितलं, अमरावतीच्या फोनसकट. त्यानं हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आठ वर्षं मी तिच्या नवऱ्याशी नीट बोललो नाही, ते उगाच?" मला वाटतं तो तुमच्याकडे येईल. त्याला आत घ्या. त्याचा यात काही दोष नाही.

केटीनं आज ओस्टरबर्गच्या लोकांना फोन केला. लोकांची नावं न देता सगळी उत्तरं ते जाहीर करणार आहेत, पूर्ण, जशीच्या तशी. मेमो कुणी लिहिला तेही केटी सांगेल. मंडळात कळेल. कळू दे. त्या म्हाताऱ्या बाईचं नाव मात्र मी तुलासुद्धा सांगू शकत नाही, तिला आम्ही तसा शब्द दिलेला आहे.

माफी मागावी असं वाटतं, पण ती मागण्यात मला पुन्हा काहीतरी मिळवायचंय असा वास येतो. म्हणून नुसतं कळवते.

सुमी


८ नोव्हेंबर

प्रीता,

बुधवारी सकाळी चहा करताना संजयनं आकडा वाचून दाखवला. पंचवीस लाखांवर मतं पडली आणि तुम्ही नऊ हजार चारशे बारांनी हरलात.

मतदानाच्या दिवशी मी तुम्हालाच मत दिलं. मतपत्रिकेवर तुझं नाव वेगळं नसतं, दोघांसाठी मिळून भरायचा एकच गोल असतो. तो भरायला मला जितका वेळ लागला तितका लागायला नको होता. पण भरला.

तीन दिवस टीव्हीवर सगळे एकच चघळतायत. एक म्हणतो, रनिंग मेटनं बुडवलं, उत्तरेत बघा. दुसरा म्हणतो, ती नसती तर लाखानं हरले असते, उपनगरं बघा. मी राज्यातल्या सत्त्याऐंशी काउंट्यांचे आकडे काढून बसले. नोकरी नाही, वेळच वेळ. उपनगरांत तुम्हाला इतकी मतं मिळाली जितकी तुमच्या बाजूला आजवर कधी मिळाली नव्हती. उत्तरेत गेली. त्यातली जाहिरातीमुळे किती गेली, पूर्ण उत्तरं छापून आल्यावर किती परत आली, डेलच्याच अवघडलेपणामुळे किती गेली? एकोणीस वर्षं हेच मोजत आले आणि मला सांगता येत नाही. नऊ हजार म्हणजे इतकी कमी की माझं ते अर्धं वाक्य त्यात सहज मावतं. दोन दिवस मी हेच घोळवत होते. मी हरवलं. माझ्यामुळे गेलं.

आणि काल तुझा फोन आला.

आपलं बोलणं मी लिहून ठेवतेय, कारण पुन्हा कधी होईल माहीत नाही. तू "सुमे" म्हणाली नाहीस. म्हणालीस, "सुमित्रा, पत्रं वाचली. सहाही. प्रचार संपेपर्यंत उघडली नव्हती."

मी म्हटलं, "बरं."

"अमरावतीहून तू 'तूच उभी राहा' म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं की तुला तसं म्हणायचं नाहीये. 'नक्की?' मी उगाच नाही विचारलं. पण तू हो म्हणालीस आणि मी फॉर्म भरला. मला ती जागा हवी होती. मलाही हवी होती, तुझ्याइतकीच."

आठ वर्षं हे तू माझ्यापासून लपवून ठेवलंस, आणि मी तुझ्यापासून.

"पार्कात तुझं नाव घेतलं नाही ते मुद्दाम," तू म्हणालीस. "मला वाटलं, तू चिडशील. आपण बोलत नव्हतो, माझं काय चाललंय त्यात तुला ओढू कशी?"

"मला आवडलं असतं."

"हो, ते आता कळलं."

मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. म्हटलं, "प्रीता, नऊ हजार. ते माझ्यामुळे. तू हरलीस ती माझ्यामुळे."

तुझ्या मागं अनिका कुणाशी तरी बोलत होती, भांड्यांचे आवाज येत होते.

"ऐक," तू म्हणालीस. तुझा आवाज चढला नव्हता. "तू जे केलंस ते घाण होतं. मी गाडीत बसून स्वतःचा आवाज ऐकत होते, ते मी विसरणार नाही. त्याची माफी मी तुला देत नाहीये, आज तरी नाही. पण सहा महिने मी दारोदार हिंडलेय. उत्तरेत अकरा वेळा गेलेय. दोन डिबेट्समध्ये चुकीचं बोललेय, डेलला सांगूनही तो एका शहरात गेला नाही, आणि पंचवीस लाख माणसांनी आपापलं डोकं वापरून मत दिलंय. त्या सगळ्यातून मी हरले. मी. हे हरणं माझं आहे, सुमित्रा. तेसुद्धा तुला हवंय का?"

मी "नको" म्हटलं.

तू म्हणालीस, "ठीक आहे," आणि फोन ठेवलास.

'नको' म्हणाले ते मनापासून की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण म्हटलं, आणि तू ते ऐकलंस.

सुमित्रा